गरिबांचे कैवारी संत व्हिन्सेंट दी पॉल

ज्यांच्या नांवाची मंडळी आज अनेक धर्मग्रामांत गोरगरिबांच्या घरीं शिधा पोंचविते, त्या संत व्हिन्सेंट दी पॉल यांचें चरित्र मात्र पुष्कळांस ठाऊक नसतें. ज्युबिलीच्या या स्मरणिकेंत त्यांचा अल्प परिचय वाचकांस करून द्यावा, असें आम्हांस वाटलें.

फ्रान्स देशाच्या नैर्ऋत्येस, दाक्स शहरानजीक पुई नांवाच्या खेड्यांत १५८१ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. आईबाप शेतकरी, लहानपणीं गुरेंमेंढरें राखणें हेंच काम. मुलगा हुशार दिसला, तेव्हां बापानें पोटाला चिमटा घेऊन त्याला दाक्सला शिकावयास ठेविलें. येथील एक गोष्ट सांगितल्यावांचून आम्हांस पुढें जाववत नाहीं. वडिलांचे कपडे साधे व चाल किंचित् लंगडी. त्यांच्यासह शहरांतून जाण्याची व्हिन्सेंटला लाज वाटे. एकदां ते विद्यालयांत भेटावयास आले असतां हा मुलगा त्यांना भेटलाही नाहीं. पुढें उतारवयांत व्हिन्सेंटांनीं स्वतःच ही गोष्ट अनुतापानें सांगितली, म्हणून ती आपणांस कळते. ज्यांनीं साऱ्या फ्रान्समधील दरिद्र्यांस आपले धनी मानिलें, त्यांना प्रथम आपल्या घरच्या दारिद्र्याचीच लाज वाटत होती!

१६०० सालीं, अवघ्या विशींत, ते धर्मगुरू झाले. त्या काळीं त्यांचा डोळा एखाद्या चांगल्या उत्पन्नाच्या जागेवर होता, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. समुद्रांतील चांच्यांनीं त्यांना धरून ट्यूनिस येथें गुलाम म्हणून विकल्याची कथा प्रसिद्ध आहे. परंतु तिच्या खरेपणाविषयीं विद्वानांत वाद असल्यामुळें आम्ही ती सोडून देतों. १६०८ सालीं ते पॅरिसला आले, १६१२ त क्लिशी गांवचे धर्मगुरू झाले, आणि पुढच्याच वर्षीं गोंदी नांवाच्या बड्या सरदार घराण्यांत मुलांचे शिक्षक म्हणून राहिले.

१६१७ साल हें त्यांच्या आयुष्याचें वळण होय. त्या वर्षीं उन्हाळ्यांत ते शातियों गांवच्या देवळाचे प्रमुख झाले. ऑगस्टमधील एका रविवारीं मिस्साचीं वस्त्रें परिधान करीत असतां त्यांना कळलें कीं, गांवाबाहेरच्या एका घरांत सारींच माणसें आजारी असून पाणी देण्यासही कोणी उठूं शकत नाहीं. त्यांनीं प्रवचनांत तें लोकांस सांगितलें. सायंप्रार्थनेनंतर ते स्वतः तिकडे निघाले, तों वाटेवर गांवच्या बायांची रीघच लागलेली! कोणी जात होत्या, कोणी परत येत होत्या, कोणी उन्हानें थकून झाडाखालीं बसल्या होत्या. घरांत अन्नाचा ढीग पडला होता.

दुसरा कोणी असता, तर आपल्या वक्तृत्वावर संतुष्ट होऊन घरीं गेला असता. व्हिन्सेंटांच्या मनांत आलें तें निराळेंच. आज इतकें अन्न आलें, त्यांतील कांहीं नासून जाईल. उद्यां हीं माणसें पुन्हा उपाशीं! दया आहे, व्यवस्था नाहीं. तीन दिवसांच्या आंत त्यांनीं गांवांतील कांहीं स्त्रियांस एकत्र केलें, प्रत्येकीनें पाळीपाळीनें स्वयंपाक करून रोग्यांस वाढावें असें ठरविलें, आणि वर्ष संपण्यापूर्वीं मंडळीचे नियम लिहून त्यांस वरिष्ठांची मान्यता मिळविली. पैशाचा हिशेब कोणी ठेवावा, जेवणांत काय असावें, रोग्याचे हात कसे धुवावे, येथपर्यंत त्या नियमांत लिहिलें आहे. ज्याच्याजवळ बसावयास कोणी आहे त्याला आधीं वाढावें आणि ज्याला कोणीच नाहीं त्याच्याकडे शेवटीं जावें, म्हणजे त्याच्यापाशीं अधिक वेळ बसतां येईल, हा नियम वाचून आम्हांस तर त्या साऱ्या कार्याचें मर्म सांपडल्यासारखें वाटलें.

पुढें १६२५ सालीं खेड्यापाड्यांत सुवार्ता सांगण्याकरितां त्यांनीं धर्मगुरूंचा संघ काढिला, आणि १६३३ सालीं लुईज द मारियाक या विधवा बाईंच्या साह्यानें दयेच्या भगिनींची संस्था स्थापिली. त्या वेळीं धर्मभगिनी म्हटली कीं ती मठाच्या भिंतीआड राहावयाची. या मुली बहुधा खेड्यांतल्या. त्या रस्त्यांतून हिंडून रोग्यांच्या घरीं जाऊं लागल्या. त्यांच्यांत अग्रणी मानलेली मार्गरीत नासो ही गाई राखतां राखतां स्वतः वाचावयास शिकली होती. प्लेगच्या एका रोगी स्त्रीस तिनें आपल्याच बिछान्यांत घेतलें, आणि त्याच दुखण्यानें १६३३ त तिचा अंत झाला.

लढायांनीं लोरेन प्रांत उजाड झाला, तेव्हां १६३९ पासून व्हिन्सेंटांनीं पॅरिसमध्यें पैसा जमवून तिकडे धाडण्यास आरंभ केला. तो नेणार कोण? वाटा लुटारूंनीं व सैनिकांनीं भरलेल्या. मात्यु नांवाचे त्यांच्या संघांतील एक बंधू फाटकी झोळी खांद्यावर टाकून, तींत हजारों नाणीं लपवून, पन्नासांहून अधिक खेपा करून आले. एकदांही लुटले गेले नाहींत. पुढें १६५२ च्या यादवींत खुद्द पॅरिसमध्यें रोज सुमारें १५,००० लोकांस सूप वाटलें जाई. परंतु केवळ अन्नछत्र उघडून त्यांचें समाधान होत नसे. ज्यांच्या अंगांत काम करण्याचें बळ आहे त्यांना बियाणें व अवजारें द्यावीं, म्हणजे पुढच्या हंगामीं त्यांना कोणापुढें हात पसरावा लागणार नाहीं, असें ते आपल्या माणसांस बजावीत.

त्यांच्या पश्चात् १७३७ सालीं पोप बारावे क्लेमेंट यांनीं त्यांना संतपद दिलें. आज आपण पाहतों ती संत व्हिन्सेंट दी पॉल सोसायटी त्यांनीं स्वतः काढिलेली नव्हे. ती १८३३ सालीं फ्रेदेरिक ओझानाम या विशींतल्या विद्यार्थ्यानें आपल्या सोबत्यांसह पॅरिसमध्यें सुरू केली.

शेवटचीं वर्षें पायांच्या दुखण्यानें त्यांना चालवेनासें झालें होतें. १६६० च्या मार्चमध्यें लुईजबाई वारल्या. त्यांच्या अंतकाळीं व्हिन्सेंटांना त्यांच्याजवळ जातां आलें नाहीं. त्याच वर्षीं २७ सप्टेंबर रोजीं पहांटे, अंगावर नेहमींचे कपडे असतां, खुर्चींत बसल्या बसल्याच त्यांनीं देह ठेविला.