ओकच्या पानांचा रेशमी कोट

इंग्लंडच्या हॅम्पशायर परगण्यातल्या संग्रहात एक जुना रेशमी कोट जपून ठेवलेला आहे. तपकिरी, पायघोळ आणि त्यावर ओकच्या पानांची सोनेरी नक्षी. जणू पानगळीतली पायवाटच कुणी अंगावर पांघरावी! हा कोट जेन ऑस्टिनचा, असं तिच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. त्याच्या मापावरून ती चांगली उंच आणि शिडशिडीत असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

जेनच्या कादंबऱ्या आवडणाऱ्यांना त्यांतलं सगळंच आवडतं. छातीखालीच कंबर बांधलेले मलमलीचे झगे, फितींच्या टोप्या, नाचाची संध्याकाळ, टपालाची वाट पाहणाऱ्या मुली, जेवणानंतरचे लांबलचक फेरफटके. १८११ ते १८२० या काळात वेडसर झालेल्या राजाऐवजी युवराज राज्यकारभार पाहत होता, म्हणून तो काळ ‘रीजन्सी’ म्हणून ओळखला जातो. आपल्याकडे १९८५ मध्ये दूरदर्शनवर आलेली ‘तृष्णा’ ही मालिका तिच्याच ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’वर बेतलेली होती. लग्नाच्या मुली, तुटपुंजी मिळकत आणि आईची घालमेल आपल्या घरांना समजावून सांगावी लागत नाही.

पण बैठकीच्या खोलीचं हे उबदार जग जिने उभं केलं, तिला स्वतःला कितीतरी वर्षं हक्काचं छप्पर नव्हतं.

जेनचा जन्म १६ डिसेंबर १७७५ रोजी स्टीव्हन्टन या खेड्यात झाला. वडील जॉर्ज ऑस्टिन तिथले पाद्री. घरात आठ मुलं. त्यांत मुली दोनच, कॅसँड्रा आणि जेन. वडील घरीच विद्यार्थी ठेवून शिकवत. त्यांच्या पुस्तकांची कपाटं जेनला मोकळी होती. घरच्यांना हसवण्यासाठी लिहिता लिहिता पंचविशीच्या आतच तिने तीन कादंबऱ्यांचे कच्चे खर्डे केले. त्यांतल्या एकीबद्दल वडिलांनी १७९७ मध्ये लंडनच्या प्रकाशकाला विचारलं. उलट टपाली नकार आला. पुढे तीच ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ झाली!

१८०१ मध्ये वडिलांनी कामाची जबाबदारी थोरल्या मुलाकडे सोपवली आणि कुटुंब बाथ शहरी राहायला गेलं. पुस्तकं विकली गेली, जेनचा पियानोही विकला गेला. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये एका मोठ्या जमीनदारीच्या वारसाने तिला मागणी घातली. संध्याकाळी तिने होकार दिला आणि सकाळ होताच तो मागे घेतला. त्या लग्नाने म्हाताऱ्या आईवडिलांची आणि बहिणीची कायमची सोय लागली असती. सव्वीस वर्षांच्या, हुंडा नसलेल्या मुलीने त्या काळी असा नकार देणं ही लहान गोष्ट नव्हती.

१८०३ मध्ये एका प्रकाशकाने तिचं हस्तलिखित १० पौंडांना घेतलं आणि तसंच ठेवून दिलं. १८०५ मध्ये वडील वारले. आई आणि दोन मुली भावांच्या मदतीवर बाथ, साउदॅम्प्टन असा मुक्काम हलवत राहिल्या. लेखणी जवळजवळ थांबली. एक कादंबरी सुरू केली, तीही अर्धवट राहिली.

१८०९ मध्ये श्रीमंत नातलगांना दत्तक गेलेल्या एडवर्ड या भावाने चॉटन गावातलं एक घर त्यांना राहायला दिलं, आणि सगळंच पालटलं. सकाळची न्याहारी आणि चहा-साखरेची किल्ली जेनकडे; बाकी संसार कॅसँड्रा आणि इतरांनी उचलला. जेन लहानशा बारा कोनी टेबलाशी लिहायला बसे. १८११ मध्ये ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ आली. लेखिकेचं नाव नव्हतं, एका स्त्रीने लिहिली आहे एवढाच उल्लेख होता. पाठोपाठ १८१५ च्या अखेरीपर्यंत आणखी तीन आल्या.

कपड्यांची तिला मनापासून हौस होती, पण हिशेबाने. तिच्या एका कादंबरीचा नायक मलमलीची पारख सांगतो आणि आपण हिंदुस्थानी मलमल किती स्वस्तात घेतली, त्याचीही फुशारकी मारतो. हिंदुस्थान या घराला परका नव्हता. जेनची आत्या फिलाडेल्फिया १७५२ मध्ये इकडे आली, इथेच तिचं लग्न झालं. तिची मुलगी एलायझा कलकत्त्यात जन्मली आणि पुढे जेनची वहिनी झाली.

आपल्याकडे पानगळ शिशिरात, इंग्लंडात ती दिवाळीच्या सुमारास. ‘पर्सुएशन’ या शेवटच्या पूर्ण कादंबरीत सत्तावीस वर्षांची ॲन अशाच दिवसांत फिरायला निघते. गेलेल्या तारुण्याच्या विचारात ती उदास आहे. पण बाजूच्या शेतात नांगर चालू आहेत, शेतकरी पुढच्या वसंताच्या तयारीला लागला आहे. ही कादंबरी १८१६ मध्ये पुरी झाली तेव्हा जेनच्या दुखण्याची सुरुवात झाली होती. तिने ॲनला मात्र दुसरी संधी दिली.

१८ जुलै १८१७ रोजी विंचेस्टरमध्ये ती गेली. वय अवघं एकेचाळीस. तिथल्या कॅथीड्रलमधल्या थडग्याच्या शिळेवर तिच्या गुणांचं वर्णन आहे, कादंबऱ्यांचा उल्लेख नाही. त्याच वर्षाअखेर भाऊ हेन्रीने शेवटची दोन पुस्तकं काढली आणि तिचं नाव जगाला सांगितलं. कॅसँड्राने पुढे बहिणीची बहुतेक पत्रं जाळून टाकली. हयातीत जेनला लेखनातून मिळाले सातशे पौंडांच्या आतच.

पडून राहिलेलं ते हस्तलिखित १८१६ मध्ये ऑस्टिन कुटुंबाने तेवढेच १० पौंड मोजून परत मिळवलं होतं. २०१७ मध्ये बँक ऑफ इंग्लंडने जेनचा चेहरा नोटेवर छापला. ती नोटही १० पौंडांचीच! चॉटनचं ते घर १९४९ पासून संग्रहालय आहे आणि ते लहानसं टेबल तिथे अजून आहे. एवढ्याशा जागेवर, स्वतःच्या छपराखाली मिळालेल्या आठ वर्षांत, तिने आपल्या रविवारच्या दुपारींची बेगमी करून ठेवली.