ठेंगण्या तट्टांचा सुभेदार

नीरेकाठच्या होळ गावी १६९३ मध्ये जन्मलेले मल्हारराव होळकर बालपणीच पितृछत्राला पारखे झाले. खानदेशात मामांकडे वाढलेला हा धनगरपुत्र पुढे कदमबांडे यांच्या पथकात स्वार झाला. भीमा-नीरेच्या खोऱ्यातील भीमथडी तट्टे ठेंगणी, पण काटक. थोड्या चाऱ्यावर मैलोगणती दौडणारी. १७२८ मध्ये पालखेडला अशाच चपळ स्वारांपुढे निजामाचा अवजड तोफखाना निरुपयोगी ठरला. १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून वसई घेणाऱ्या मोहिमेतही मल्हारराव होते. १७६६ मध्ये आलमपूर येथे ते निवर्तले. त्यांनी उभारलेले इंदूरचे राज्य सून अहिल्याबाईंनी नावारूपास आणले. ज्यांच्या पाठीवरून ते मिळवले, ती तट्टे मात्र पुढे संकर आणि उपेक्षा यांमुळे दुर्मीळ झाली.