श्रीमती पर्ल बक

मिशनरी लोकांच्या चरित्रांत पुरुषांनीं किती गांवें पायाखालीं घातलीं, किती शाळा काढल्या, किती पुस्तकांचीं भाषांतरें केलीं, याचा हिशेब बहुधा चोख असतो. त्यांच्याबरोबर परमुलखांत गेलेल्या स्त्रियांचा मात्र एखाद्या ओळींत निकाल लागतो. ही उणीव एका मिशनऱ्याच्या मुलीनेंच भरून काढली, आणि त्या कामीं तिनें आपल्या वडिलांचीही भीड धरिली नाहीं. तिचें नांव पर्ल बक. 'द गुड अर्थ' ही कादंबरी ज्यांनीं वाचली असेल त्यांस हें नांव परिचित असेलच. परंतु लेखिकेची स्वतःची कहाणी सर्वांस ठाऊक असेल असें नाहीं, म्हणून ती येथें देत आहों.

पर्लबाईंचे वडील अब्सालोम सिडेनस्ट्रिकर हे अमेरिकेंतील दक्षिणेकडील प्रेस्बिटेरियन मंडळीचे मिशनरी. १८८० सालीं कॅरोलाईन स्टल्टिंग या तरुणीशीं विवाह करून ते त्याच वर्षीं चीनला गेले. कॅरोलाईनबाईंचें कुळ मूळचें हॉलंडचें. धर्मस्वातंत्र्यासाठीं समुद्र ओलांडून अमेरिकेंत आलेलें. तेव्हां परमुलखांत घर मांडण्याची पाळी त्या कुळांतील स्त्रियांवर ही कांहीं पहिलीच नव्हती. पण त्या कुळास अमेरिकेंत भूमि मिळाली. कॅरोलाईनबाईंस चीनमध्यें मुलांचीं थडगीं मिळालीं. त्यांस एकंदर सात अपत्यें झालीं, त्यांपैकीं चार बाळपणींच दगावलीं. १८९० सालीं थोड्याच अवधींत दोन मुलें गेलीं, तेव्हां बाईंचें मन इतकें खचलें कीं त्यांस मायदेशीं न्यावें लागलें. तेथेंच, वेस्ट व्हर्जिनियांतील हिल्सबरो या गांवीं, २६ जून १८९२ रोजीं पर्लचा जन्म झाला. आणि कांहीं महिन्यांच्या त्या तान्ह्या मुलीस घेऊन आई पुन्हा त्याच देशास परतली.

यांगत्सी नदीच्या कांठच्या चिनक्यांग शहरांत पर्लचें बाळपण गेलें. आईशीं इंग्रजी आणि वांग नांवाच्या म्हाताऱ्या आयेशीं चिनी, अशा दोन भाषा ती एकदमच शिकली. अब्सालोमसाहेब महिनोनमहिने खेड्यापाड्यांतून उपदेश करीत हिंडत, आणि घरीं असत तेव्हां नव्या कराराच्या चिनी भाषांतरांत गढलेले असत. त्या भाषांतराच्या पायीं घरखर्चाला कात्री लागे. बायकोच्या हातीं काय उरतें, हा विचार त्यांस शिवत नसे. शेजारच्या चिनी बायका कॅरोलाईनबाईंकडे येऊन बसत, आपलीं दुःखें सांगत, आणि लहानगी पर्ल तें सारें ऐके. नकोशा मुलींचीं प्रेतें टेकडीवर टाकून देण्याची दुष्ट चाल त्या भागांत होती. तेथें खेळतांना सांपडलेलीं तान्ह्या बाळांचीं हाडें ही पोर गुपचूप पुरून टाकी. हा मजकूर शाळेच्या वार्षिकांत घालावा कीं नाहीं, असा प्रश्न आमच्या मनांत आला होता. पण जिनें पुढें चिनी शेतकऱ्याच्या बायकोचें दुःख जगापुढें मांडलें, तिचें पहिलें शिक्षण कोठें झालें हें लपवून तिचें चरित्र सांगतां येत नाहीं.

१९०० सालीं बॉक्सर लोकांचा उठाव झाला, आणि उत्तर चीनमध्यें परकीयांची व चिनी ख्रिस्ती लोकांची कत्तल सुरू झाली. कॅरोलाईनबाई मुलांस घेऊन शांघायास गेल्या. अब्सालोमसाहेब आपलें ठाणें सोडीनात. कालपर्यंत खेळगडी असलेलीं चिनी मुलें पर्लच्या वाऱ्यास उभीं राहीनात. आठ वर्षांच्या मुलीस आपण येथें परक्या आहों हें तेव्हां प्रथम उमगलें. पाश्चात्य सरकारांनीं चीनवर लादलेल्या जुलमी तहांचें हें फळ होतें. तह करणारे दूर राहिले. फळ पदरीं आलें तें या घरासारख्या घरांच्या.

पुढील कांहीं वर्षें आम्ही भराभर ओलांडतों. अमेरिकेंतील कॉलेजांतून १९१४ सालीं पदवी घेऊन पर्लबाई आजारी आईच्या शुश्रूषेसाठीं चीनला परत आल्या. १९१७ सालीं जॉन लॉसिंग बक या शेतकीतज्ज्ञ मिशनऱ्याशीं त्यांचा विवाह झाला, आणि आन्ह्वे प्रांताच्या उत्तर भागांत शेतकऱ्यांच्या वस्तींत त्यांचा संसार सुरू झाला. तेथील स्त्रियांच्या माजघरांपर्यंत, जेथें परक्या पुरुषास कधींही जातां आलें नसतें, तेथें त्या सहज पोंचल्या.

१९२० सालीं त्यांस कॅरोल ही मुलगी झाली. पुढल्याच वर्षीं आई वारली. आईचें चरित्र त्यांनीं लगेच लिहून काढलें व तें तसेंच ठेवून दिलें. इकडे कॅरोल वयानें वाढली, पण तिची बुद्धि वाढेना. रक्तांतील एका जन्मजात दोषानें मेंदूची वाढ खुंटते, हा शोध नॉर्वेंतील डॉक्टर फोलिंग यांनीं १९३४ सालीं लाविला. तान्ह्या मुलाच्या रक्ताची वेळींच परीक्षा करून ठराविक आहार दिला असतां आतां तें मूल शहाणें निपजतें. पण कॅरोलच्या जन्मीं हें ज्ञान कोणापाशींच नव्हतें. डॉक्टरांमागून डॉक्टर झाले, आणि अखेर १९२९ सालीं अमेरिकेंत न्यू जर्सींतील एका संस्थेंत मुलीस कायमचें ठेवून पर्लबाई चीनला परतल्या. कॅरोलाईनबाईंनीं चार मुलें चीनमध्यें पुरलीं होतीं. त्यांच्या मुलीनें आपली जिवंत मुलगी समुद्रापलीकडे ठेविली. संस्थेचा खर्च मोठा होता, नवऱ्याचें वेतन तुटपुंजें. 'द गुड अर्थ' लिहिण्यास जीं कारणें झालीं त्यांत हेंही एक होतें, हें त्या कादंबरीच्या वाचकांस सहसा ठाऊक नसतें.

त्यापूर्वीं मार्च १९२७ मध्यें नानकिंग शहरीं त्यांजवर जिवावरचा प्रसंग आला. सैन्य शहरांत शिरलें आणि परकीयांचीं घरें लुटलीं जाऊं लागलीं. त्या वेळीं एका गरीब चिनी बाईनें, जिला पर्लबाईंनीं पूर्वीं मदत केली होती, आपल्या मातीच्या खोपटांत या सर्व कुटुंबास लपविलें. त्यांत म्हातारे अब्सालोमसाहेब होते, लहान मुलें होतीं. बाहेर ठार मारणारे चिनी, आंत जीव धोक्यांत घालून आसरा देणारी चिनी. लुटींत एका कादंबरीचें हस्तलिखित नष्ट झालें. आईचें चरित्र मात्र वांचलें.

'द गुड अर्थ' १९३१ सालीं प्रसिद्ध झाली, व तीस पुढल्या वर्षीं पुलित्झर पारितोषिक मिळालें. वांग लुंग शेतकरी, त्याचे मुलगे, आणि त्याचा नातू, अशा तीन पिढ्यांची कथा त्यांनीं पुढें आणखी दोन कादंबऱ्यांत पुरी केली. आमच्या मतें मात्र त्या कथेचा प्राण ओ-लान ही वांग लुंगची अबोल बायकोच आहे.

कीर्ति शिखरास पोंचली असतां, १९३२ च्या नोव्हेंबरांत, न्यूयॉर्क येथें प्रेस्बिटेरियन स्त्रियांच्या मोठ्या सभेपुढें त्यांनीं मिशनच्या कार्याची कठोर परीक्षा केली. ज्या लोकांत राहावयाचें त्यांजविषयीं अज्ञान, तिरस्कार आणि संकुचित वृत्ति बाळगणारे मिशनरी आपण पाहिले आहेत, असें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. मोठा गहजब झाला, आणि १९३३ सालीं त्यांनीं मिशनचा राजीनामा दिला. आमची शाळाही मिशनचीच. तेव्हां हा भाग लिहितांना आमची लेखणी थोडी अडखळली. परंतु ही टीका बाहेरून दगड मारणाऱ्याची नव्हती. त्या घरांत चाळीस वर्षें राहिलेल्या मुलीची ती होती.

१९३४ सालीं त्यांनीं चीन सोडलें, तें कायमचें. पहिला विवाह मोडला. प्रकाशक रिचर्ड वॉल्श यांच्याशीं दुसरा झाला. १९३६ सालीं आईचें चरित्र 'द एक्झाइल' व वडिलांचें 'फायटिंग एंजल' हीं छापून निघालीं, आणि १९३८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, तें चिनी शेतकऱ्यांच्या चित्रणाबरोबरच या चरित्रांसाठींही होतें. साहित्याचें नोबेल मिळविणाऱ्या त्या पहिल्याच अमेरिकन स्त्री.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचा पक्ष त्यांनीं अमेरिकेंत उघडपणें मांडला. मिश्र वंशाचीं मुलें दत्तक घेण्यास कोणी पुढें येईना, म्हणून १९४९ सालीं त्यांनीं 'वेलकम हाउस' ही संस्था काढिली. १९५३ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'कम, माय बिलव्हेड' या कादंबरीचा तर आपल्या पुण्याशीं संबंध आहे. एका धनाढ्य अमेरिकन कुटुंबाच्या चार पिढ्यांची ती कथा. मुलगा मिशनरी होऊन पुण्यास राहतो. नातू त्याहूनही पुढें जाऊन खेड्यांत, गरिबांसारखा राहतो. पण पणती जेव्हां एका हिंदी डॉक्टरशीं लग्न करूं म्हणते, तेव्हां तोच साधुवृत्तीचा बाप नकार देऊन मुलीस अमेरिकेस धाडतो. सर्वस्व दिलें, तेवढें एक देववलें नाहीं. मिशनच्या आवारांत शिकणाऱ्या आपल्या मुलांनीं ती कादंबरी थोड्या मोठ्या वयांत अवश्य वाचावी.

नव्या चिनी राजवटीनें त्यांस साम्राज्यवाद्यांच्या पंक्तीस बसविलें होतें. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन १९७२ सालीं चीनला जाऊन आले, तेव्हां ऐंशीच्या घरांत आलेल्या पर्लबाईंनीं आपलें बाळपणाचें गांव एकदां पाहण्याची परवानगी मागितली. ती नाकारण्यांत आली. ६ मार्च १९७३ रोजीं व्हरमाँट संस्थानांत त्यांचा अंत झाला. चिनक्यांगच्या घराचें आतां स्मारक झालें आहे. पेनसिल्व्हेनियांतील त्यांच्या शेतावर त्यांची कबर आहे. तीवरील शिळेची आखणी त्यांनींच करून ठेविली होती. तीवर त्यांचें नांव इंग्रजींत नाहीं. माहेरचें तेवढें नांव चिनी अक्षरांत कोरलें आहे.