श्रावस्तीचा सावकार

सावकार म्हटला की आपल्याला आठवते ती चोपडी, व्याज आणि दारात हात जोडून उभे असलेले कूळ. कोसल देशातल्या श्रावस्तीचा सुदत्त हाही सावकारच. पण निराधारांना तो अन्न देई, म्हणून लोक त्याचे खरे नाव विसरले आणि त्याला अनाथपिंडिक म्हणू लागले.

एकदा तो कामासाठी राजगृहाला मेव्हण्याकडे गेला. घरात मोठ्या स्वयंपाकाची धांदल चाललेली. लग्नकार्य आहे की राजा जेवायला येणार, असे त्याला वाटले. उद्या बुद्ध येणार आहेत, हे कळले आणि त्याची झोपच उडाली. उजाडले समजून तो रात्रीत तीनदा उठला. शेवटी अंधारातच निघाला आणि सीतवनात बुद्धांना भेटला.

श्रावस्तीत संघासाठी जागा हवी होती. राजकुमार जेताची बाग त्याला पसंत पडली. जमीन नाण्यांनी झाकली तरी देणार नाही, असे जेताने उडवून लावले. सुदत्ताने तोच सौदा धरला, आणि निवाडाही त्याच्याच बाजूने झाला. गाड्या भरभरून नाणी आली. उरलेला थोडा तुकडा जेताने आपणहून दिला. हा प्रसंग भारहुतच्या स्तूपावर बैलगाडीसकट कोरलेला आहे. ते शिल्प आज कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. जमीन, विहार आणि अर्पणसोहळा मिळून ५४ कोटी लागले, असे परंपरा सांगते.

पुढे दिवस फिरले. व्यापाऱ्यांना दिलेले १८ कोटी परत आले नाहीत. नदीकाठी पुरलेले १८ कोटी पुरात वाहून गेले. घरात कण्यांची पेज उरली, तरी दान थांबले नाही. गृहस्थाच्या चार सुखांत ऋण नसणे हेही एक सुख, हा उपदेश बुद्धांनी त्यालाच केला होता.

अखेरच्या आजारात सारिपुत्त आणि आनंद भेटीस आले. कशालाही चिकटून न राहण्याचा गहन उपदेश सारिपुत्तांनी केला. सुदत्ताच्या डोळ्यांत पाणी आले. इतकी वर्षे सेवा करूनही हे कधी ऐकायला मिळाले नव्हते! असा उपदेश संसारी लोकांना करीत नाहीत, असे त्याला सांगण्यात आले. तेव्हा त्याने विनवले, की तो त्यांनाही करावा; समजू शकणारी माणसे घराघरांत आहेत.

त्यानंतर थोड्याच वेळात त्याने देह ठेवला. आयुष्यभर देत आलेल्या माणसाने शेवटी काही मागितले, तेही तुमच्याआमच्यासारख्या प्रपंचातल्या माणसांसाठी.