खाशाबांनी फेडलेले कर्ज

कुरआन शरीफमधली सर्वांत मोठी आयत कशाविषयी आहे, असे विचारले तर बहुतेक जण नमाज, रोजा किंवा हज असे उत्तर देतील. ती आयत कर्जाविषयी आहे. सूरह बकरामधील २८२ व्या आयतीत देण्या-घेण्याची लिखापढी करावी, साक्षीदार ठेवावेत, लिहिणाऱ्याने इमानाने लिहावे, असे बारकाईने सांगितले आहे. जकातीच्या आठ हक्कदारांमध्येही कर्जाखाली दबलेल्या माणसाला जागा आहे. लासलगावकरांना हे वेगळे समजावून सांगायला नको. कांद्याची हिशेबपट्टी हातात पडेपर्यंत बियाणे, खते आणि मजुरीची उधारी डोक्यावर घेऊन जगणे म्हणजे काय, हे इथल्या घराघराला माहीत आहे.

या पवित्र महिन्यात कर्ज आणि फेड यांचा विचार करताना मला एका पहिलवानाचे चरित्र आठवते. ते मुसलमान नव्हते, धर्मपुरुषही नव्हते. ते होते कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा दादासाहेब जाधव.

आपल्याकडे यात्रांचा हंगाम आला की कॉलेजच्या पोरांमध्ये एक वाद हमखास रंगतो. माती चांगली की मॅट? अंगापिंडाने मोठा पहिलवान भारी की चपळ? वस्ताद जुन्या पद्धतीचा असावा की नव्या? प्रत्येकाचा एक आवडता पहिलवान असतो आणि प्रत्येकाची तालीम सर्वांत श्रेष्ठ असते. खाशाबांच्या आयुष्यात हे सगळे प्रश्न आले आणि त्यांनी ते आखाड्यातच सोडवले.

१५ जानेवारी १९२६ रोजी त्यांचा जन्म झाला. पाच भावांत ते धाकटे. वडील दादासाहेब स्वतः पहिलवान, त्यामुळे पाचव्या वर्षीच मातीत उतरण्याचे भाग्य लाभले. पुढे कराडच्या टिळक हायस्कुलात शिक्षण आणि बाबूराव बलवडे, बेलापुरे गुरुजी यांच्या हाताखाली कुस्ती. बेचाळीसच्या चळवळीत या पोराने भूमिगतांना आसरा देण्याच्या कामातही वाटा उचलला.

शाळा संपल्यावर ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात दाखल झाले. शाहू महाराजांनी कोल्हापूरला कुस्तीची पंढरी बनवले होते. त्यांनी बांधलेल्या खासबाग मैदानात पंजाबचे मल्ल येऊन लढत. गामा पहिलवानांचे बंधू इमामबक्ष यांचे नावही या मैदानाशी जोडलेले आहे. हिंदू वस्तादाचा मुसलमान पठ्ठा आणि मुसलमान वस्तादाचा हिंदू पठ्ठा, याचे कोल्हापुरात कुणाला नवल नव्हते.

पण कॉलेजच्या क्रीडाशिक्षकांनी खाशाबांची चण पाहिली आणि वार्षिक स्पर्धेत त्यांचे नाव घ्यायला नकार दिला. एवढासा पोरगा काय कुस्ती करणार, असा तो हिशेब होता. खाशाबा रुसून बसले नाहीत. ते थेट प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांच्याकडे गेले आणि एक संधी मागितली. ती मिळाली. मग आपल्यापेक्षा थोराड गड्यांना त्यांनी एकामागून एक अस्मान दाखवले. प्रतिस्पर्ध्याची मान काखेत धरून त्याला फेकणारा ढाक हा त्यांचा हुकमी डाव होता. एका विद्यार्थ्यावर टाकलेला हा विश्वास खर्डेकरांनी पुढे किती दूरवर नेला, हे चार वर्षांनी दिसले.

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला खाशाबा कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने गेले. तिथे मॅट होती. मातीत पाठ टेकली की कुस्ती संपते. मॅटवर घड्याळ असते, गुण असतात, पंच असतात, पायाखालची पकडही निराळी. अमेरिकेचे रीस गार्डनर यांच्याकडून त्यांनी ही नवी विद्या भराभर आत्मसात केली आणि फ्लायवेट गटात सहावा क्रमांक मिळवला. माती की मॅट या वादाला त्यांनी दिलेले उत्तर साधे होते. मातीने दिलेला दम आणि डाव सोडायचे नाहीत, मॅटचे नियम शिकायला लाजायचे नाही. कोल्हापूरला परतल्यावर जोर-बैठकांचा सराव त्यांनी आणखी वाढवला.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकची निवड आली तेव्हा त्यांना डावलण्याचा प्रयत्न झाला. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावली गेली आणि खाशाबांनी ती जिंकली. आता अडचण पैशांची होती. फिनलंडला जाण्याचा खर्च शेतकऱ्याच्या घराला झेपणारा नव्हता. गोळेश्वर-कराडच्या लोकांनी वर्गणी काढली, खाशाबा दारोदार फिरले, खूप विनवण्यांनंतर सरकारकडून चार हजार रुपये मिळाले. तरीही भागेना. तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवले आणि सात हजार रुपये उभे केले.

आपण ज्याला कर्ज-ए-हसना म्हणतो ते याहून वेगळे काय असते? व्याज नाही, परतीची खात्री नाही, पदक येईल याचीही हमी नाही. आणि डोक्यावरचे छप्पर तारण!

हेलसिंकीत बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. जपानच्या शोहाची इशीशी झालेली झुंज दीर्घ आणि दमछाक करणारी ठरली, तीत ते हरले. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी, असा नियम होता. पण त्यांना लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवसमोर उभे केले गेले. हरकत घ्यायला तिथे एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. थकलेल्या अंगाने ते लढले आणि हरले. इशीला सुवर्ण, रशीदला रौप्य आणि खाशाबांना कांस्यपदक मिळाले. तारीख होती २३ जुलै १९५२. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. दुसऱ्यासाठी देशाला १९९६ पर्यंत, म्हणजे चव्वेचाळीस वर्षे थांबावे लागले.

परतल्यावर कराड स्टेशनापासून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एवढ्या जयजयकारात एखादा तरुण गहाण पडलेले घर विसरला असता, तर त्याला कोणी दोषही दिला नसता. खाशाबा विसरले नाहीत. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः लांग चढवून लढले आणि आलेल्या पैशांतून आपल्या प्राचार्यांचे घर सोडवले. मला हा प्रसंग त्यांच्या पदकाइतकाच मोठा वाटतो.

कुस्तीत दुसऱ्याला पाडणारा खरा बलवान नाही, रागाच्या क्षणी स्वतःला आवरणारा बलवान, ही पैगंबरसाहेबांची (स.) शिकवण प्रसिद्ध आहे. खाशाबांना रागावण्याची कारणे कमी नव्हती. १९५५ मध्ये ते पोलीस उपनिरीक्षक झाले. बढतीसाठी त्यांना वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली. सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाल्यावर हक्काच्या पेन्शनसाठीही झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० सालचा, मरणोत्तर. पुढे दिल्लीतील कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचे नाव दिले गेले. ज्याने आपल्या माथ्यावरचे कर्ज हयातीत, घाम गाळून फेडले, त्याचे देशाकडे असलेले देणे मात्र त्याच्यामागे, तेही हप्त्याहप्त्याने फिटले.

रमजानमध्ये आपण जकातीचा हिशेब करतो, ईदच्या नमाजआधी फितरा देतो. त्याच वहीत आणखी एक पान उघडावे. कुणाचे उसने राहिले आहे, कोणत्या मजुराचे पैसे थकले आहेत, आणि कोणत्या गुरुजींनी आपली फी गुपचूप भरली होती, हे त्यावर लिहावे. जे हयात आहेत त्यांचे देणे ईदच्या आधी पोहोचते करावे. जे गेले, त्यांच्या वारसांना शोधावे. आणि आपल्या कॉलेजात चणीने लहान दिसणारा एखादा पोरगा संधी मागायला दारात उभा असेल, तर त्याला आत घ्यावे. खर्डेकरांच्या नावाने एवढे तरी आपल्याला देता येईल.