‘ड्रॅक्युला’ लिहिणाऱ्या ब्रॅम स्टोकरनं एक पत्र चार वर्षं खणात का ठेवलं होतं?

ड्रॅक्युला म्हटलं की आपल्याला सुळे, काळा झगा आणि वटवाघूळ आठवतं. हे सगळं सिनेमानं डोक्यात बसवलेलं. मूळ कादंबरी वाचली तर भीतीइतकीच आणखी एक गोष्ट पानोपानी जाणवते, ती म्हणजे ओढ. कुणाला कोण हवंय आणि ते उघड बोलायची सोय कशी नाही, याची ती गोष्ट आहे. ती लिहिणाऱ्या माणसाचं आयुष्यही फार वेगळं नव्हतं.

ब्रॅम स्टोकरचा जन्म ८ नोव्हेंबर १८४७चा, डब्लिनजवळच्या क्लॉन्टार्फमधला. वयाची पहिली सातेक वर्षं तो अंथरुणाला खिळून होता. आई त्याला १८३२च्या कॉलऱ्याच्या साथीच्या, अंगावर काटा आणणाऱ्या गोष्टी सांगायची. पुढे हाच पोरगा ट्रिनिटी कॉलेजात सहा फूट दोन इंचांचा खेळाडू झाला आणि नंतर डब्लिनमध्ये सरकारी नोकरीला लागला.

आता ते पत्र. फेब्रुवारी १८७२ मध्ये, २४ वर्षांच्या स्टोकरनं अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमनला एक लांबलचक पत्र लिहिलं. पुरुषांमधल्या जिव्हाळ्यावर मोकळेपणानं लिहिल्यामुळे व्हिटमन तेव्हा बराच बदनाम होता. पत्रात स्टोकरनं स्वतःची उंची आणि वजन दिलं, आपण दिसायला कुरूप असल्याचंही सांगितलं. शिवाय जो आपल्या आत्म्याचा बाप, भाऊ आणि बायकोही होऊ शकेल, अशा माणसाशी इतकं मोकळं बोलता येण्यात किती सुख आहे, हेही लिहिलं. आणि मग ते पत्र खणात ठेवून दिलं. ते पोस्टात पडलं थेट १४ फेब्रुवारी १८७६ला. हो, व्हॅलेंटाइन डेला! व्हिटमननं प्रेमानं उत्तर दिलं आणि १८८४ मध्ये दोघं अमेरिकेत भेटलेही.

यावरून स्टोकरला आजचं एखादं लेबल चिकटवायचा मोह होतो. माझ्या मते ती घाई नको. त्या काळातले पुरुष एकमेकांना आजच्यापेक्षा खूप हळवी पत्रं लिहायचे. पण साधं पत्र पोस्ट करायला कुणी चार वर्षं घेत नाही, हेही तितकंच खरं.

१८७६च्या शेवटी त्याला दुसरा माणूस भेटला, नट हेन्री आयर्विंग. डब्लिनमध्ये आयर्विंगनं एका खुनी माणसावरची कविता म्हणून दाखवली आणि ती ऐकून धिप्पाड स्टोकरला अक्षरशः भावनेचा झटका आला. दोन वर्षांनी तो सरकारी नोकरी सोडून आयर्विंगच्या लंडनमधल्या लायसियम थिएटरचा मॅनेजर झाला. त्याच डिसेंबरात त्यानं फ्लोरेन्स बाल्कमशी लग्न केलं आणि काही दिवसांतच नवी नवरी घेऊन आयर्विंगच्या कामावर हजर! पुढची २७ वर्षं तो आयर्विंगचा होता. मुलगा झाला, त्याचं नावही ठेवलं आयर्विंग.

फ्लोरेन्सवर आधी ऑस्कर वाइल्डचं प्रेम होतं. तिचं लग्न ठरल्यावर वाइल्डनं तिला भेट दिलेला सोन्याचा छोटा क्रॉस परत मागितला होता. (व्हॅम्पायरच्या लेखकाच्या घरातला क्रॉस. काय बोलणार!)

व्हॅम्पायर आणि प्रेम ही जोडी मात्र स्टोकरनं पहिल्यांदा लावलेली नाही. डब्लिनच्या ज्या वर्तमानपत्रात तो फुकट नाट्यपरीक्षणं लिहायचा, त्याच्या मालकांपैकी एक होता शेरिडन ल फानू. ल फानूच्या १८७२च्या ‘कार्मिला’मधली व्हॅम्पायर तरुणी लॉरा नावाच्या मुलीच्या प्रेमात पडते. ती गोष्ट ऑस्ट्रियातल्या स्टिरियात घडते. स्टोकरच्या सुरुवातीच्या टिपणांत त्याच्या काउंटचा किल्लाही स्टिरियातच होता, ट्रान्सिल्व्हेनिया नंतर आलं.

मार्च १८९०च्या त्याच्या एका टिपणात तरुण मुली एका पुरुषाच्या गळ्याशी झुकतात, तेवढ्यात म्हातारा काउंट येतो आणि हा माणूस माझा आहे म्हणून त्यांना हाकलतो. पुढे सात वर्षांत कादंबरीत बरंच बदललं, हा प्रसंग टिकला. त्यातच त्या बायका काउंटला टोमणा मारतात की, तुला कधी प्रेम करताच आलं नाही. तो म्हणतो, मलाही येतं, तुम्हाला तर ते माहीत आहे. व्हॅम्पायरांच्या आपसातल्या नात्याबद्दल स्टोकर जवळपास एवढंच सांगतो.

बाकी सगळं रक्तातून घडतं. लूसीला एका दिवसात तीन पुरुष लग्नाची मागणी घालतात आणि तिघांशीही लग्न करता आलं असतं तर, असं तिच्या मनात येतं. पुढे ते तिघं आणि प्रोफेसर व्हॅन हेल्सिंग असे चौघं तिला आपलं रक्त देतात. मीनाचा नवरा बाजूला बेशुद्ध पडलेला असताना काउंट तिला स्वतःच्या छातीतलं रक्त पाजतो. बिछाना, रात्र, मान, श्वास, सगळं प्रणयातलंच. हेच माणसांबद्दल लिहिलं असतं तर पुस्तक बाजारात आलंच नसतं. राक्षसाच्या नावावर ते खपून गेलं.

त्यातही पुरुषाला पुरुषानं चावण्याचा प्रसंग स्टोकर लिहीत नाही. काउंट पुरुषांना धमकी देतो ती अशी की, तुमच्या बायका आधीच माझ्या झाल्यात, त्यांच्यामार्फत तुम्हीही व्हाल. मला तरी ही कादंबरीतली सगळ्यात बोलकी जागा वाटते.

कारण बाहेर काय चाललं होतं? इंग्लंडमध्ये १८८५च्या कायद्यानं पुरुषांमधले संबंध, अगदी खासगीतलेही, तुरुंगात जाण्यासारखा गुन्हा ठरवले होते. मे १८९५ मध्ये त्याच कायद्याखाली वाइल्डला दोन वर्षं सक्तमजुरी झाली. तो सुटला १९ मे १८९७ला. ‘ड्रॅक्युला’ आली २६ मेला, बरोबर एका आठवड्यानं.

आयर्विंग १९०५ मध्ये गेला आणि पुढच्याच वर्षी स्टोकरनं त्याच्या आठवणींचे दोन खंड काढले. १९०८ मध्ये मात्र त्यानं एक लेख लिहिला, तो वाचून चक्रावायला होतं. कादंबऱ्यांवर सेन्सॉरशिप हवी, कारण कामवासना चाळवणारं लिखाण समाजाला सगळ्यात घातक असतं, असं त्याचं म्हणणं. हे लिहिणारा माणूस ‘ड्रॅक्युला’चा लेखक!

२० एप्रिल १९१२ला स्टोकर गेला. टायटॅनिक बुडून पाचच दिवस झाले होते. त्याची ओळख तेव्हाही मुख्यतः आयर्विंगचा मॅनेजर हीच होती. ‘ड्रॅक्युला’ची राखण नंतर फ्लोरेन्सनं केली. १९२२ मध्ये जर्मनीत परवानगी न घेता ‘नोस्फेरातू’ हा सिनेमा निघाला, तेव्हा ती कोर्टात गेली आणि जिंकली. सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम निघाला, तरी काही वाचल्याच.