गाठ साधी की कर्करोगाची? : डॉ. खानोलकरांचा वारसा

डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) लंडनमध्ये विकृतिशास्त्र शिकून मुंबईत परतले. १९४१ मध्ये सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची धुरा त्यांनी सांभाळली, तंबाखू आणि तोंडाच्या कर्करोगाचा संबंध अभ्यासला. माणसाच्या शरीराचा पहिला एमआरआय निघाला १९७७ मध्ये, त्यांच्या निधनाच्या आदल्या वर्षी.

प्रोस्टेटची साधी वाढ बहुधा मूत्रमार्गालगतच्या आतल्या भागात होते, कर्करोग बहुधा बाहेरच्या भागात. एमआरआयमध्ये हा फरक दिसतो. पण कधी दोन्ही सारखेच भासतात. म्हणून कोयनानगरहून शहरात तपासणीला आलेल्या रुग्णाच्या एमआरआयमध्ये संशयास्पद डाग दिसला, तरी कर्करोगाचे निदान पक्के होते ते बायोप्सीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच. खानोलकरांनी आयुष्यभर केले ते हेच काम.